बालपण, किशोरवय, शिक्षण… यातलं नक्की काय शिकायचं, आणि नाशकात राहून कसं?

गोदाकाठची | ५ जून, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. चार वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी इंदिरानगरला राहते. बी.कॉम. झाले, लग्नानंतर एका सी.ए.कडे टॅलीत नोंदी मारायचं काम केलं. मग मुलगी झाली. तिला ज्या बालवाडीत घातलं तिथल्या बाई म्हणाल्या, घरी बसून काय करतेस, येत जा मदतीला. त्या मदतीला आता सात वर्षं झाली. मुलगी पाचवीत गेली, मी अजून छोट्या गटातच! संध्याकाळी घरी आठवी-नववीची सहा-सात मुलं गणिताला येतात, म्हणजे दिवसाची सुरुवात साडेतीन वर्षांच्यांबरोबर आणि शेवट साडेचौदा वर्षांच्यांबरोबर.

गेल्या जूनमध्ये आमच्याकडे एक मुलगा आला. त्याला इथे बंडू म्हणू. वर्ष संपलं तरी वर्गात दहा-बारा शब्दांच्या वर बोलला नाही, तेही अर्धवट. आला की आधी दाराबाहेरच्या सगळ्या चपला जोडीनं लावतो, एखादी तिरकी झाली की परत उठून जातो. गाणी चालू असली की आपल्याच नादात. मागून हाक मारली तर ढिम्म, समोर जाऊन बसलं की छान हसतो. आजी म्हणतात, 'याचा बापही उशिराच बोलला.' आमच्या मोठ्या बाई म्हणतात, 'हट्टी आहे, लाडावलाय.' एका मुलाच्या आईनं कुठलंसं रील बघून दारातच त्याच्या आईला 'ऑटिझम असेल हो' असं सांगून टाकलं. ती बिचारी त्या दिवशी पायरीवर बसून रडली. तिनं मला विचारलं, 'ताई, तुम्हाला काय वाटतं?' आणि सात वर्षं या मुलांत काढून मला एक धड वाक्य बोलता आलं नाही.

तेव्हापासून डोक्यात आहे, रीतसर काहीतरी शिकायचं. पण शोधायला बसलं की गरगरतं. कुणी बालविकास म्हणतं, कुणी एम.ए. शिक्षणशास्त्र, कुणी एम.एस.डब्ल्यू., कुणी मानसशास्त्र. मला तर लहान मूलही हवंय आणि नववीतलं फुरंगटलेलं पोरगंही.

अडचणी: वय ३६. सकाळी साडेआठ ते बारा बालवाडी. नवरा अंबडला शिफ्टमध्ये. इंग्रजी वाचता येतं, पण चार पानांनंतर डोळे मिटतात. जाणकारांनी सांगा.

सातपूरची_शिट्टी | ५ जून, रात्री ११.०५

ताई, एकच प्रश्न. शिकल्यावर त्या बालवाडीत पगार वाढणार का? नसेल तर गणिताच्या शिकवणीची दुसरी बॅच काढा. स्पष्ट बोलतो, राग नसावा.

गोदाकाठची | ५ जून, रात्री ११.१२

राग नाही. पगार वाढणार नाही हेही माहीत आहे. :)

फळ्यामागचा | ६ जून, सकाळी ६.५०

सुरगाणा तालुक्यात जिल्हा परिषदेचा मास्तर आहे. डी.एड. २००५ चं, नंतर नोकरीत असताना मुक्त विद्यापीठातून बी.एड. केलं. त्या वाटेचं आधी सांगतो, कारण लोक तुम्हाला पहिल्यांदा तेच सुचवतील.

मुक्त विद्यापीठाचं बी.एड. आमच्यासारख्या, आधीच प्रशिक्षण घेऊन नोकरीत असलेल्या शिक्षकांसाठी आहे. बी.कॉम.वर थेट मिळत नाही. तुम्हाला सीईटी देऊन नियमित बी.एड. करावं लागेल, आणि ते २०१५ पासून दोन वर्षांचं झालंय, रोज कॉलेजला जायचं. बरं, ते केलं तरी लहान मुलं तुमच्या हाती येत नाहीत. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पहिली ते पाचवीसाठी बी.एड. चालणार नाही, डी.एल.एड. (म्हणजे आमचं जुनं डी.एड.) लागेल. आणि पहिलीच्या आतल्यांचं तर नव्या शैक्षणिक धोरणानं ३ ते ८ वर्षं असा पायाभूत टप्पा आखला, तरी खाजगी बालवाडीत कोण शिकवतंय हे बघायला कुणी येत नाही.

अभ्यासाबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. बी.एड.च्या नव्या आराखड्यात पहिलाच विषय बालपण आणि वाढ हा आहे. पियाजे, एरिकसन, वायगॉट्स्की असे मुलांच्या वाढीचे सगळे अभ्यासक भेटतात. गंमत सांगतो. पियाजेचा पाण्याचा प्रयोग असतो ना, एकाच मापाच्या दोन पेल्यांतलं पाणी दाखवायचं, मग एकातलं उंच अरुंद भांड्यात ओतायचं आणि विचारायचं, जास्त कुठे? साधारण सातच्या आतलं मूल उंच भांडं दाखवतं, असं पुस्तक सांगतं. मी पहिलीच्या वर्गात करून बघितला. तीन पोरांनी पुस्तकासारखंच उत्तर दिलं. चौथी मुलगी, सहा वर्षांची, माझ्याकडे बघतच राहिली. तिच्या बोलीत म्हणाली (मी आपल्या भाषेत लिहितो), 'गुरुजी, हंड्यातलं कळशीत ओतून पाणी वाढत असतं तर आम्ही झऱ्यावर कशाला गेलो असतो?'

हे पुढे एका प्रशिक्षणात सांगितलं तर तज्ज्ञ बाईंनी १९६९ चा मेक्सिकोतला अभ्यास सांगितला. कुंभारांच्या मुलांना मातीच्या गोळ्याचं असंच लवकर कळत होतं. म्हणजे आमची पोरगी एकटी नव्हती. पण परीक्षेच्या गाईडात 'सात वर्षे' हेच लिहायचं. मी लिहिलं. पास झालो.

ता. क.: बंडूचे कान तपासलेत का? 'मागून हाक मारली तर ढिम्म, समोर बसलं की हसतो' हे वाचून विचारतोय. माझ्या वर्गात असं एक पोरगं दोन वर्षं 'मंद' म्हणून मागे बसलं होतं.

दहीवाटी | ६ जून, सकाळी ७.३०

मास्तर, झऱ्यावरचं उत्तर वाचून चहा सांडला.

पडवी | ६ जून, दुपारी १.१५

मी समाजकार्याच्या बाजूनं लिहिते. एम.एस.डब्ल्यू. दोन वर्षांचं, कुठल्याही पदवीवर करता येतं, नाशकातही होतं. इतर अभ्यासक्रमांत आणि यात मोठा फरक क्षेत्रकार्याचा. आठवड्यातले दोन दिवस तुम्ही वर्गात नसताच. वस्तीत, दवाखान्यात, बालगृहात, कुठेतरी नेमून दिलेलं असतं, आणि केलं त्याचा अहवाल दर आठवड्याला मार्गदर्शकांसमोर ठेवायचा.

माझी पहिली नेमणूक एका बालगृहात होती. नाशिकरोड स्टेशनवर सापडलेला चौदा वर्षांचा मुलगा. तीन भेटी तो माझ्याशी अवाक्षर बोलला नाही, आम्ही फक्त कॅरम खेळलो. मी अहवालात लिहिलं, 'मुलगा भेदरलेला व अबोल आहे.' मॅडमनी लाल पेनानं खाली विचारलं, 'भेदरलेला हे तू पाहिलंस की ठरवलंस?' मग पानाच्या मधोमध रेघ मारायला लावली. डावीकडे जे दिसलं ते. उजवीकडे मला जे वाटलं ते. पहिल्या दिवशी माझी डावी बाजू तीन ओळींची होती आणि उजवी पानभर! चौथ्या भेटीच्या डाव्या बाजूला लिहिलं होतं: 'राणी माझ्यासाठी सोडली. दोनदा.' त्यानंतर तो बोलायला लागला.

मोठं नाव हवं असेल तर मुंबईचं टाटा इन्स्टिट्यूट (टिस), १९३६ पासूनचं. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन १९९६ मध्ये तिथल्याच प्रकल्पातून सुरू झाली, २०२३ पासून ती सरकारकडे गेली आणि ११२ ला जोडली गेली. तिथे प्रवेश सीयूईटी-पीजी या देशपातळीवरच्या प्रवेश परीक्षेतून होतो. पण नोकरी-घर सांभाळून मुंबई जमणार नाही, हे तुम्हीच सांगितलंत.

आणखी एक, कोर्स करा न करा, हे आजच माहीत हवं. पॉक्सो कायदा (२०१२) अठराच्या आतल्या प्रत्येकाला लागू आहे, आणि मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं हे बंधनकारक आहे. बालवाडीच्या ताईला, शिकवणीच्या बाईला, सगळ्यांना. 'घरच्यांचं प्रकरण आहे, आपण कशाला' असं म्हणता येत नाही. किती बालवाड्यांत हे सांगितलं जातं?

गोदाकाठची | ६ जून, दुपारी २.००

आमच्याकडे कुणी सांगितलं नव्हतं. सात वर्षांत एकदाही नाही.

@फळ्यामागचा, कान तपासले नाहीत. कुणाच्या डोक्यातच आलं नाही. आज त्याच्या आईला फोन करते.

कडीपत्ता | ६ जून, रात्री ९.२०

माझा ठेच लागलेला अनुभव सांगते, पुढच्याला हसू येईल पण येऊ दे. लॉकडाउननंतर मी 'चाइल्ड सायकॉलॉजी डिप्लोमा' केला, ऑनलाइन, तीन महिने, २८ हजार. संस्थेचं नाव घेत नाही. फी भरेपर्यंत रोज फोन, भरल्यावर चाळीस व्हिडिओ आणि एक व्हॉट्सअॅप गट. शेवटी वीस प्रश्नांची परीक्षा, पर्यायवाली, कितीही वेळा देता येणारी. प्रमाणपत्र सोनेरी किनारीचं, वर 'आंतरराष्ट्रीय मान्यताप्राप्त'. कुणाची मान्यता, ते त्यांनाच ठाऊक. तीन महिन्यांत एका मुलाजवळ बसायला सांगितलं नाही. एका शाळेत मुलाखतीला गेले तर बाईंनी ते प्रमाणपत्र हातात घेतलं, उलटं करून मागची बाजू बघितली आणि परत दिलं. मागे काहीच नव्हतं.

त्यावरून शहाणपण एवढंच, की फी भरण्याआधी 'पदवी देणारं विद्यापीठ कोणतं?' असं विचारायचं. गुळमुळीत उत्तर आलं की फोन ठेवायचा.

अर्धविराम | ७ जून, सकाळी ११.१०

क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, गंगापूर रोडला बसते. नाव-पत्ता विचारू नका, धाग्याची जाहिरात व्हायला नको.

मानसशास्त्र घरबसल्या करावं असं कुणी सुचवलं तर थांबा. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२५ च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीनं मानसशास्त्राचे नवे प्रवेश बंद केलेत. सोबत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, आहार आणि पोषण हेही. २०२१ चा एक कायदा आहे, आरोग्याशी निगडित व्यवसायांचा, त्याच्या कक्षेत हे विषय येतात म्हणून. अजूनही काही एजंट 'मुक्त विद्यापीठातून एम.ए. सायको करून देतो' म्हणत फिरतात. प्रवेशाच्या पानावर स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका.

माझं मत विचाराल तर निर्णय ऐकून आधी वैताग आला, कारण आदिवासी भागातल्या किंवा संसारात अडकलेल्या बायकांना तीच एक वाट होती. पण कडीपत्तांना भेटली तसली दुकानं बघितली की वाटतं, समोर माणूस न बसवता हा विषय शिकवणंही बरोबर नव्हतं. दोन्ही वाटतं, काय करू.

दुसरं, नियमित एम.ए. केलं तरी 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' लावता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ च्या कायद्यानं. विशेष शिक्षकांचंही तेच. तेव्हा आधी हे ठरवा, तुम्हाला निदान करायचंय, उपचार करायचेत, की वर्गातल्या मुलाकडे नीट बघता यायला हवंय? तिसरं असेल तर सहा वर्षं खर्ची घालायची गरज नाही.

बंडूबद्दल: मंचावर बसून निदान होत नसतं, मीही करणार नाही. चपला लावण्यावरून तर मुळीच नाही, निम्मी मुलं काही ना काही रांगेत लावतात. पण मास्तरांनी विचारलेला प्रश्न अगदी योग्य आहे. बोलायला उशीर असेल तर आम्ही कुणीही पहिल्यांदा कान तपासायलाच पाठवतो. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, जन्मापासून अठरापर्यंत. जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी शीघ्र हस्तक्षेप केंद्रं केली आहेत. तिथे पैसे लागत नाहीत. वेळ लागतो, सकाळी लवकर जा म्हणावं.

आणि त्याच्या आईला म्हणा, रील बघणाऱ्या बाईंचं मनावर घेऊ नकोस.

सातपूरची_शिट्टी | ७ जून, दुपारी १२.४०

हे सगळं लहानग्यांचं झालं. माझा दहावीतला घरात बोलत नाही, त्याचे पण कान तपासू का?

अर्धविराम | ७ जून, दुपारी १२.५५

त्याचं इअरफोन काढून बघा आधी.

विनोद बाजूला ठेवते. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ हे किशोरवय धरते, म्हणजे तुमचा अगदी मध्यावर आहे. या वयात आईबापांशी कमी बोलणं हे बहुतेक घरांत असतं. झोप, भूक, मित्र, खेळ यातलं काही एकदम सुटलंय का ते बघा. सुटलं असेल तर वाट बघत बसू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करता येतो, फुकट, मराठीत, कधीही. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिकही असतात. मात्र तो खोलीत असताना दाराबाहेरून 'बोल ना, बोल ना' करू नका.

सातपूरची_शिट्टी | ७ जून, दुपारी १.०५

क्रिकेट सुटलंय. मार्चपासून. बघतो. धन्यवाद मॅडम.

जुनं_दप्तर | ७ जून, सायंकाळी ६.३०

निवृत्त आहे, अध्यापक विद्यालयात अठ्ठावीस वर्षं काढली. सगळे पियाजे आणि यूजीसी बोलताहेत, तेव्हा म्हाताऱ्यानं घरचंही थोडं सांगावं.

ज्या 'अंगणवाडी' शब्दावर देशाची योजना १९७५ पासून चालली आहे तो आपल्या शेजारच्या पट्ट्यात घडला. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका यांनी १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, ते भावनगरचे दिवस. पुढे १९४५ मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला आल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथली वारली मुलं बालवाडीत यायची नाहीत, कारण घरी धाकट्या भावंडाला कोण बघणार? मग यांनी बालवाडीच पाड्यावर, झोपडीच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. माँटेसोरीची महागडी साधनं बाजूला ठेवून शंख-शिंपले, बिया, पानं घेतली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आणि नाशिककरांनो, अनुताईंच्या सुरुवातीच्या मास्तरकीतली काही वर्षं आपल्याच जिल्ह्यातली.

आज 'अर्ली चाइल्डहूड' म्हणून जे चकचकीत कागदावर छापून येतं त्यातलं निम्मं त्या टेकडीवर होऊन गेलंय. पण आमच्याच विद्यालयात ताराबाईंवर पाच गुणांची टीप यायची आणि मुली ती पाठ करायच्या. मीच शिकवायचो, तेव्हा दोष कुणाला देऊ?

थंडीची_सवय | ७ जून, रात्री ११.५०

मूळची पंचवटीची, आता इंग्लंडमध्ये. माझी भाची इथे 'चाइल्डहूड स्टडीज' करतेय, तिच्या पुस्तकांत डोकावून लिहिते. इथे हा स्वतंत्र विषय आहे. मानसशास्त्र थोडं, समाजशास्त्र थोडं, कायदा, शिक्षण, आरोग्य असं सगळं मूल मध्ये ठेवून शिकवतात. गोदाकाठच्या ताईंना जे हवंय ते हेच असावं. इथल्या ओपन युनिव्हर्सिटीतही बालपण आणि युवावस्था अशी पदवी आहे.

पहिल्या सत्रात फिलिप आरिएस नावाच्या फ्रेंच इतिहासकाराचं वाचायला लावतात, १९६० चं. त्याचं म्हणणं, आज आपण ज्याला बालपण म्हणतो ती कल्पना मध्ययुगात नव्हतीच, मूल म्हणजे छोटा मोठा माणूस. पुढच्या अभ्यासकांनी त्याला बराच झोडपलाय, पण वाद तिथून सुरू झाला. मग १९८९ चा संयुक्त राष्ट्रांचा बालहक्क करार, भारत त्यात १९९२ मध्ये आला. त्यातल्या कलम १२ वर भाचीचा निबंध होता: मुलाशी संबंधित गोष्टीत मुलाचं मत विचारायचं. तिला पाळणाघरात निरीक्षणाला जायचं होतं तर आधी पोलिसी तपासणीचा कागद, मग पालकांची संमती, आणि वर त्या चार वर्षांच्या मुलीलाही विचारायचं, 'मी तुझ्याजवळ बसून लिहिलं तर चालेल का?' मुलगी 'नाही' म्हणाली. भाचीचा दिवस फुकट!

फळ्यामागचा | ८ जून, सकाळी ६.४०

मस्त. आमच्याकडे अधिकारी येतात, पोरांना उभं करतात, सतराचा पाढा विचारतात आणि फोटो काढून जातात. कलम १२.

पण ताई, एक टोचतं. तिकडचं बालपण आणि आमचं एकाच पट्टीनं मोजता येतं का? आमच्या पाड्यावरची माणसं छाटणीपासून द्राक्षाच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे उतरतात. दिवाळीनंतर माझा वर्ग अर्धा होतो. नऊ वर्षांची पोर बागेच्या बांधावर धाकट्याला सांभाळत बसते. तिचं बालपण हरवलंय म्हणायचं, की ती घरातली जबाबदार माणूस आहे म्हणायचं? मला दोन्ही अर्धवट वाटतं. तिला शाळा हवी हे नक्की. पण ती बिचारी, दयनीय असं लिहून आलेला अहवाल वाचला की त्या पोरीला तो वाचून दाखवावासा वाटतो. तीन भाषा बोलते ती.

थंडीची_सवय | ८ जून, दुपारी ४.१०

हाच प्रश्न भाचीच्या दुसऱ्या वर्षाला आहे म्हणे. 'कुणाचं बालपण?' उत्तर अजून मिळालेलं नाही. :)

दहीवाटी | ८ जून, सायंकाळी ५.००

या विषयांत सारखं येणाऱ्या 'सोशल वेलबीइंग'ला मराठीत काय म्हणायचं पण? सामाजिक कल्याण म्हटलं की सरकारी खातं आठवतं आणि नुसतं कल्याण म्हटलं की कसाऱ्याची लोकल.

जुनं_दप्तर | ८ जून, सायंकाळी ५.४५

स्वास्थ्य म्हणा. 'मुलाला स्वस्थता आहे का?' असं आमची आजी विचारायची, त्यात पोट, झोप, मन, शेजार सगळं यायचं.

पडवी | ९ जून, दुपारी १२.३०

धागा भरकटायच्या आत गोदाकाठचींसाठी एक नेमकं सुचवते. इग्नूची (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची) बालसंगोपन आणि शिक्षणाची पदविका आहे, डी.ई.सी.ई. एक वर्ष, बारावीवर मिळते, हिंदीत पुस्तकं येतात. चार भाग: बालसेवांचं आयोजन, बाल आरोग्य आणि पोषण, मुलांसाठीच्या सेवा आणि कार्यक्रम, आणि चौथा प्रकल्प. प्रत्येकी आठ श्रेयांक. त्यांच्या हिशेबात एका श्रेयांकाला तीस तास, म्हणजे नुसत्या प्रकल्पालाच २४० तास. ते तास मुलांबरोबर, आणि तुमच्याकडे मुलं आयती आहेत.

किशोरवय यात नाही, हे मान्य. ते पुढे एम.एस.डब्ल्यू.त किंवा एम.ए. शिक्षणशास्त्रात बघता येईल. एकाच ताटात सगळं वाढणारा अभ्यासक्रम आपल्याकडे नाहीच. गृहविज्ञानवाल्यांकडे मानव विकास म्हणून त्याच्या जवळ जाणारं काहीतरी आहे, एसएनडीटीत किंवा बडोद्याला, पण ते रोज वर्गात बसायचं.

जुनं_दप्तर | ९ जून, दुपारी ३.२०

पदविका ठीक. पण हिंदी पुस्तकातला 'पूर्व-संक्रियात्मक अवस्था' (पियाजेचाच, साधारण सातच्या आतल्या मुलांचा टप्पा) हा शब्द बघून दचकू नका. इंग्रजीतून दचकण्यापेक्षा बरं, एवढंच.

गोदाकाठची | २१ ऑगस्ट, रात्री १०.१५

अडीच महिन्यांनी परत आले. धागा वर काढल्याबद्दल क्षमस्व, पण सांगायचं राहिलं होतं.

आधी बंडू. त्याची आई आणि मी सोबत गेलो सिव्हिलला, बालवाडीतून सुट्टी काढून. तीन फेऱ्या झाल्या. दोन्ही कानांत पडद्यामागे पाणी साठलेलं निघालं. म्हणजे ऐकू येत होतं, पण आपण पाण्यात डुबकी मारल्यावर जसं येतं तसं, असं डॉक्टर म्हणाले. सर्दी सतत असायची त्याला, आम्ही रुमाल लावून पुसत होतो, एवढंच. औषधं झाली, पुढच्या महिन्यात परत तपासणी, नाही उतरलं तर छोटी नळी बसवावी लागेल म्हणाले. बोलण्याच्या सरावालाही पाठवलंय. आणखी काही आहे का ते नंतर बघू म्हणाले, घाई नको.

परवा प्रार्थना चालू असताना बाहेर भंगारवाल्यानं आरोळी दिली. बंडू गर्रकन वळला, दाराकडे बोट दाखवून म्हणाला, 'कोण ए?' सगळ्या वर्गाची प्रार्थना मोडली. मीच मोडली खरं तर.

आता अभ्यासाचं. मुक्त विद्यापीठातही जाऊन आले, गंगापूर धरणाच्या वाटेवर गोवर्धनला. आवार बघून तिथेच राहावंसं वाटलं. एम.ए. शिक्षणशास्त्राचं माहितीपत्रक घेतलं, ते कपाटात ठेवलंय, दोन वर्षांनी बघू. सध्या डी.ई.सी.ई.चा अर्ज भरला, पुस्तकं यायची आहेत. नवरा म्हणाला, 'भर, पण परीक्षेच्या काळात डबा मी करणार नाही.' मग म्हणाला, 'म्हणजे खिचडी करीन.'

पडवीताईंची रेघ मात्र लगेच सुरू केली. आमच्या मोठ्या बाईंना दाखवली तर म्हणाल्या, हे कशाला, आपल्याला दिसतं की! मी काही बोलले नाही. बंडूचं जुनं पान काढलं, आठवणीनं लिहिलेलं. उजवीकडे 'हट्टी' होतं. डावीकडे 'मागून हाक, ओ नाही' होतं. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचलं आणि विचारलं, 'मला एक वही आणशील का?'

सातपूरची_शिट्टी | २१ ऑगस्ट, रात्री १०.५०

अभिनंदन ताई. आमचा जुलैपासून परत मैदानावर जातोय. बोलत अजून नाही, पण चेंडू हरवला की पैसे मागायला येतो.

फळ्यामागचा | २२ ऑगस्ट, सकाळी ६.३०

वाचून बरं वाटलं. ती नोंदीची पानं कोऱ्या वहीत करता की आखीव? माझ्या वर्गात यंदा एकोणतीस आहेत, आठवड्याला चार मुलं धरली तर बसेल का?

पडवी | २२ ऑगस्ट, सकाळी ९.०५

आखीव घ्या, मधली रेघ स्वतः मारा. चार जास्त होतात. दोन धरा, आणि द्राक्षाला जाणाऱ्यांची आधी करा, दिवाळीच्या आत.